साध्या बंदुकीचे मोल

कागल सोडून निपाणीकडे निघाले की दूधगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटकातले कोगनोळी येते. नदीच्या दोन्ही काठांवर ऊस तोच, बोली तीच, सोयरीकही एकमेकांतच. बदलतात ते कागद. गाडीचा कर बदलतो, शाळेची भाषा बदलते, जमिनीच्या उताऱ्याचे रूप बदलते आणि सहसा कुणाच्या ध्यानात न येणारी आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे बंदुकीच्या परवान्याची हद्द. शस्त्रपरवाना जिल्ह्यापुरता आहे, राज्यापुरता आहे की साऱ्या देशासाठी, हे त्यावर लिहिलेले असते. कर्नाटकापुरता परवाना असलेल्या माणसाची बंदूक कोगनोळीत कायदेशीर असते. तीच बंदूक पुलापलीकडे कागलात नेली तर गुन्हा होतो. नळी तीच, दस्ता तोच, काडतूसही तेच. लोखंडात तसूभर फरक पडलेला नसतो, तरी त्या वस्तूचे समाजातले स्थान पार पालटते.

जुन्या, एकेकाळी स्वस्त म्हणून विकल्या गेलेल्या शिकारी रायफलींना आज चकित करणारा भाव का येतो, या प्रश्नाचे उत्तर शोधायला सीमेवरचे हे गाव बरे पडते. वस्तूचा भाव वस्तूत किती असतो आणि तिच्याभोवती आखलेल्या रेषांत किती असतो, हे इथल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

आधी दूरचे उदाहरण पाहू, कारण तिथे ही गोष्ट निखळ दिसते. अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीने १९६७ मध्ये ‘मॉडेल ७८८’ नावाची रायफल बाजारात आणली. कंपनीची नावाजलेली ‘मॉडेल ७००’ ज्यांच्या खिशाला परवडत नव्हती, अशा शेतकऱ्यांसाठी आणि कामगारांसाठी ती होती. दस्ता साध्या लाकडाचा, त्यावर नक्षी नाही, पकडीला कोरीव जाळी नाही. रायफलीचा मधला भाग म्हणजे एक जाड, जवळजवळ अखंड पोलादी नळकांडे. बोल्ट बंद करून धरणारे खटके बहुतेक रायफलींत पुढे आणि दोन असतात. इथे ते मागे होते आणि तब्बल नऊ. दिसायला ओबडधोबड असलेल्या या हत्याराने मैदानात सगळ्यांना थक्क केले. मधला भाग ताठ होता, चाप ओढल्यापासून ठिणगी पडेपर्यंतचा वेळ कमी होता, आणि गोळ्या एका जागी अशा बसत की दुप्पट किमतीच्या रायफलीवाल्यांनी मान डोलवावी. १९८३ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

आज हीच रायफल तिकडचे संग्राहक शोधत फिरतात. त्यामागची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. पहिले म्हणजे ती खरोखर चांगली होती आणि हे कळायला लोकांना वीस वर्षे लागली. दुसरे म्हणजे काही बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या मापांत, ती थोडीच बनली. पॉइंट ४४ मॅग्नमची किंवा ३०-३०ची ७८८ क्वचितच नजरेस पडते, म्हणून तिची किंमत तिच्याच इतर बहिणींपेक्षा कितीतरी चढी असते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. स्वस्त वस्तू कुणी जपत नाही. महागडी रायफल तेल पाजून, मखमली पेटीत निजवली जाते. स्वस्त रायफल जीपच्या मागे आदळत राहते, गोठ्याच्या खुंटीला लटकते, पावसात भिजते, पोराच्या हाती जाते. ७८८च्या बोल्टची मूठ कधीकधी तुटायची, सुटे मॅगझिन हरवायचे, आणि तेवढ्या किमतीच्या वस्तूसाठी कारागिराकडे खेटे घालायला कुणाला उत्साह नसे. म्हणून लाखोंच्या बाजारासाठी घडलेल्या साध्या मालातला, मूळ मॅगझिनसकट, न घासलेला, न रंगवलेला नमुना पुढे दुर्मीळ होतो. निगा राखून ठेवलेली भारी वस्तू अपेक्षितच असते. जपलेली साधी वस्तू हा अपवाद असतो, आणि संग्राहक अपवादासाठी पैसे मोजतो.

विंचेस्टर कंपनीच्या ‘मॉडेल ७०’ची गोष्ट याच नाण्याची दुसरी बाजू दाखवते. १९६४ मध्ये कंपनीने घडणीचा खर्च कमी करण्यासाठी या रायफलीची बांधणी बदलली. गिऱ्हाइकांनी तो बदल मनाला लावून घेतला. त्या दिवसापासून जुन्या रायफली ‘चौसष्टच्या आधीच्या’ म्हणून वेगळ्या ओळखल्या जाऊ लागल्या आणि त्यांचा भाव चढत गेला. काल दुकानात रांगेने उभी असलेली वस्तू केवळ एका वर्षाच्या रेषेमुळे जुन्या काळाची साक्षीदार ठरली. पुढचे दार बंद झाले की मागे उरलेल्यांचे मोल वाढते, हा नियम कारखान्याच्या फाटकालाही लागू आहे आणि देशाच्या वेशीलाही.

मायकेल थॉम्पसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये कचऱ्यावर एक पुस्तक लिहिले. त्याची मांडणी अशी की काही वस्तूंची किंमत काळागणिक घसरत जाते, काहींची वाढत जाते, आणि पहिल्या गटातली वस्तू दुसऱ्या गटात थेट जाऊ शकत नाही. तिला मध्ये कचरा व्हावे लागते. कुणाचे लक्ष नाही, कुणाला हवी नाही, अशा अवस्थेत काही वर्षे काढून जी वाचते तीच पुढे ठेवा बनते. मराठी वाचकाला हे पटवून द्यायला पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पुरेसे आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, दारांच्या चौकटी अशा वस्तू वाड्यावाड्यांतून गोळा केल्या. ज्या काळात लोक त्या मोडीत घालत होते, त्या काळात ते त्या उचलत होते. अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. त्या दालनांतला अडकित्ता पाहताना कुणी सुपारीचा विचार करत नाही. तो वापरणारे हात, ते घर, तो काळ डोळ्यांपुढे येतो. साध्या रायफलीच्या बाबतीतही संग्राहकाला तेच हवे असते: राजाची शिकार नव्हे, तर कुणा साध्या माणसाची पहाट.

आपल्याकडे मात्र या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो कायद्याचा आहे. हा पदर याच मुलुखात फार जुना आहे. १८५७चा उठाव सुरू झाल्यावर इंग्रजांनी शस्त्रे काढून घेण्याचा कायदा आणला, तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी हत्यारे द्यायला नकार दिला. शिकार आणि पहारा यांवर जगणारे ते लोक. हत्यार गेले तर पोट गेले आणि अब्रूही गेली, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौज हलगलीवर चालून गेली, गाव जाळले गेले, कित्येक मारले गेले आणि अनेकांना फासावर चढवले. कन्नड लावणीने ती कहाणी जिवंत ठेवली आणि फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने ती लावणी लिहून घेतली. कोगनोळीहून हलगली फार लांब नाही. त्या बेडरांच्या हातातल्या बंदुका बाजारभावाने कवडीमोलाच्या असतील. पण त्यांची किंमत माणसांनी प्राणाने चुकवली. त्यानंतर १८७८चा शस्त्र कायदा आला आणि हत्यार बाळगणे ही सरकारची मेहेरबानी ठरली.

कायदा फक्त कुणाकडे बंदूक असावी एवढेच ठरवून थांबला नाही. ती कोणत्या बोअरची असावी हेही त्याने ठरवले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान सरकारने पॉइंट ४५० बोअरच्या रायफलींना बंदी घातली, कारण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या होत्या आणि त्यांच्यासाठीचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती लागण्याची भीती होती. लंडनच्या बंदूक कारागिरांनी मग वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी ४६५, ४७० अशी नवी मापे काढली. जगभर नावाजलेली ती काडतुसे हिंदुस्थानातल्या एका सरकारी हुकमाची लेकरे आहेत. तसेच लष्करी पॉइंट ३०३ सामान्य माणसाला मना होते, म्हणून बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने त्याच धाटणीची रायफल पॉइंट ३१५, म्हणजे ८ मिलिमीटर बोअरमध्ये बनवून इकडे विकली. मळेवाले, जंगलखात्याचे अधिकारी आणि बेताच्या ऐपतीचे इनामदार यांची ती रायफल होती. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने तीच परंपरा पुढे चालवली. आजही भारतीय परवानाधारकाची परवडणारी रायफल म्हणजे हीच ३१५.

१९५९चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२पासून अमलात आला. त्यात शेतकऱ्यासाठी एक महत्त्वाची तरतूद आहे. पिकांच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, आणि संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत बोअरच्या बंदुकीचा परवाना देण्याचा विचार कायद्यानेच केला. कोकणात आणि घाटमाथ्याच्या पट्ट्यात शेतीसंरक्षणाची बंदूक याच वाटेने घराघरांत आली. रानडुकराने भुईमूग उकरला, वानरांनी भात ओरबाडला की माळ्यावरून बार काढायचा. जीव घेण्यापेक्षा आवाजाने पळवण्यावर भर. हीच आपली खरी स्वस्त बंदूक. तिच्यावर नावाजलेल्या कारखान्याचा शिक्का नसतो, नक्षी नसते, पण पिढ्यानपिढ्यांच्या राखणीचा इतिहास तिच्यात असतो.

१९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. ते योग्यच झाले. कोल्हापूर संस्थानाच्या शिकारीसाठी राखलेले दाजीपूरचे जंगल त्याआधीच, १९५८मध्ये, अभयारण्य झाले होते आणि आज तिथे गवे निर्भय फिरतात. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले राजर्षी शाहू महाराज शिकारीचे शौकीन होते. चित्त्यांकडून काळविटाची शिकार करण्याची कोल्हापूरची पद्धत गाजलेली होती. आता चित्ताही या रानांत उरला नाही आणि काळवीटही दुर्मीळ झाले. ज्या कामासाठी शिकारी रायफल बनली, ते कामच कायद्याने आणि नीतीने संपले. रायफल मात्र उरली. काम संपलेले हत्यार जेव्हा टिकून राहते, तेव्हा त्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ते हळूहळू दस्तऐवज होऊ लागते.

मग १९८०च्या दशकाच्या मध्यावर आणखी एक दार लागले. सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करणे बंद झाले. नामांकित नेमबाजांना सवलत राहिली, आणि त्या सवलतीचे सोने आपल्याच भागाने करून दाखवले. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्य आणले. पण बाकी सगळ्यांसाठी देशात आधीच येऊन पडलेल्या बंदुका एवढाच साठा उरला. चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनो कारखान्याची पॉइंट २२ रायफल युरोपात साधी, पोरांना नेम शिकवायची. इथे ती अप्रूपाची झाली. वेब्ली आणि स्कॉटचे छोटे रिव्हॉल्व्हर तिकडे जुन्या सामानात मोडते. इथे त्याचा भाव लाखांत सांगितला जातो. या भावात कारागिरीचा वाटा आहेच, पण मोठा वाटा बंद दाराचा आहे. साठा वाढू शकत नाही, घट मात्र दरवर्षी होते, आणि मागणारे कमी होत नाहीत.

याच्याउलट दिशेनेही कायदा भाव हलवतो. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरवले आणि जादा हत्यार एका वर्षात जमा करायला सांगितले. ज्यांच्या घरी तीन होत्या त्यांना एक निवडून काढावी लागली. अशा वेळी माणूस काय काढतो? महागडी ठेवतो, वापरातली ठेवतो, आणि साधी, जुनी देऊन टाकतो. म्हणजे थॉम्पसनने सांगितलेला कचऱ्याचा टप्पा आपल्याकडे सरकारी कागदाने आला. आज विक्रेत्याकडे पडून असलेल्या किंवा पोलीस ठाण्यात जमा झालेल्या कितीतरी साध्या बंदुका गंजत आहेत. त्यातल्या ज्या जपल्या जातील, त्यांच्याकडे उद्याचा संशोधक वळून पाहील.

संग्राहकाला सर्वांत जास्त पैसे मोजायला लावते ती मात्र कहाणी. जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७मध्ये भेट मिळालेली पॉइंट २७५ची रिग्बी रायफल २०१५मध्ये लंडनच्या त्याच रिग्बी कंपनीने पुन्हा मिळवली. तशाच मापाच्या दुसऱ्या रायफलीला ते स्थान कधी मिळणार नाही, कारण तिच्याबरोबर ती कहाणी नाही. आपल्या कर्नाटकात शिकारकथा लिहिणारे केनेथ अँडरसन पॉइंट ४०५ विंचेस्टर घेऊन रानात हिंडले. जॉन ब्राउनिंगने आखलेले हे १८९५चे अमेरिकन मॉडेल इंग्रजी दुनळी रायफलींच्या तुलनेत कितीतरी कमी खर्चाचे होते. अँडरसन यांच्या गोष्टींनी त्या साध्या बांधणीच्या हत्याराला जगभर ओळख दिली. कहाणी लोखंडाला चिकटते ती कागदामुळे आणि बोलणाऱ्या माणसांमुळे. कागद हरवला, माणसे गेली, की उरते ते फक्त वजन.

आणि कागदांच्या बाबतीत सीमाभागाइतका श्रीमंत मुलूख क्वचितच असेल. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव आणि निपाणीचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. एखाद्या घरात त्याआधीपासून बंदूक असेल आणि परवान्याची जुनी पाने जपलेली असतील, तर त्या पानांवर तीन राज्यांच्या नावांचे शिक्के आणि बदलत गेलेली कारभाराची भाषा ओळीने वाचता येईल. आजोबांच्या नावावरून वडिलांच्या, वडिलांवरून मुलाच्या नावावर झालेली नोंद, दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा केल्याची पावती, काडतुसांच्या खरेदीची नोंद. सीमाप्रश्नावर भाषणे पुष्कळ झाली, महाराष्ट्राचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण एका कुटुंबाने ती सीमा आपल्या अंगावरून जाताना कशी पाहिली, हे त्या परवान्याच्या पुस्तिकेत जितके स्पष्ट दिसेल तितके कुठल्या ग्रंथात दिसणार नाही.

भावाविषयी या भागाला एक कटू अनुभव आहे. १९८१मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर ठाण मांडले, तेव्हा त्यांचा प्रश्न हाच होता की माल आम्ही पिकवतो आणि भाव दुसरेच कसे ठरवतात. त्या आंदोलनात गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. शेतकरी नेते शरद जोशींनी त्या लढ्याला शब्द दिले. भोगले ते इथल्या माणसांनी. बाजारातला भाव आणि वस्तूत ओतलेले आयुष्य यांचे गणित क्वचितच जुळते, हे ज्यांनी रस्त्यावर बसून शिकले, त्यांना जुन्या बंदुकीच्या भावाने भुलून जायचे कारण नाही. लाखाचा भाव आला म्हणून ती बंदूक मोठी होत नाही आणि कुणी हजारातही विचारली नाही म्हणून ती क्षुद्र ठरत नाही. भाव बंद दारांनी वाढतो, उघड्या दारांनी उतरतो. उद्या आयातीची बंदी उठली तर आजचे लाख हजारांवर येतील. परंतु आज्याने कोल्हे-डुकरांपासून राखलेल्या शेताची आठवण त्याने उतरणार नाही.

माझे ठाम मत असे आहे की अशा बंदुकांचे खरे मोल त्यांच्या इतिहासात आहे आणि तो जपणे हे संग्राहकांपेक्षा आधी घरच्यांचे काम आहे. परवानाधारक वारला की वारसांना दोन वाटा दिसतात, एक तर हत्यार जमा करून मोकळे व्हायचे किंवा मिळेल त्या भावाने विकायचे. तिसरी वाटही आहे, आणि ती त्याआधीच धरता येते. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा त्याने ती बंदूक २५ वर्षे बाळगली, तर तो हयात असतानाच वारसाला परवाना मिळू शकतो. दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा पुरातन बंदुकीला तर शस्त्र कायदाच वगळतो. या तरतुदी माहीत नसल्यामुळे अनेक घरे घाईने निर्णय घेतात आणि मग पश्चात्ताप करतात.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे. तुमच्या घरात परवान्याची जुनी बंदूक असेल, मग ती विलायती असो, ईशापूरची असो की गावच्या लोहाराने जोडलेली ठासणीची, तर तिचा निर्णय घेण्याआधी एक वही करा. नळीवरचा क्रमांक, कारखान्याचे नाव, बोअर, परवान्याचे सर्व जुने कागद आणि घरातल्या वयस्क माणसांना आठवत असलेल्या गोष्टी त्यात उतरवा. फोटो काढा. बंदूक ठेवा, कायद्याने विका, संग्रहालयाला द्या किंवा जमा करा. पण ती वही मात्र देऊ नका. हत्याराचा भाव बाजार ठरवील, त्याचा इतिहास मात्र तुम्हालाच लिहावा लागेल.